रेंजमध्ये नाही

मेळा स्टँडच्या तिसऱ्या खांबाला टेकलं
की दोन दांड्या येतात.
चौथ्याला एकच.
हरसूलची गाडी लागते त्या टोकाला काहीच नाही.
हे कुणी सांगितलं नव्हतं.
तळहातावर नारळ घेऊन पाणाड्या चालतो
तशी मी फोन घेऊन चालत होते.

सिव्हिलमधून सासूबाईंचा रिपोर्ट घेतलेला,
आणि पिशवीत लेकीचा फोन.
नर्सिंगचा अर्ज, आज रात्री बारापर्यंत.
आमच्याकडे रेंज येते ती माळावर, बोरीखाली,
आणि तिथंही वाऱ्याच्या मर्जीनं,
म्हणून अर्ज माझ्याबरोबर एसटीनं आला.
पासवर्ड जुन्या तिकिटामागे लिहून दिला होता तिनं:
"वाच, पण तोंडानं वाचू नकोस."
वाघेरा घाटातच रिचार्ज संपला.

यादी उघडली.
स्टँडच्या नावाचं एक.
स्टँडच्याच नावाचं आणखी एक, मागे फ्री जोडलेलं,
दांड्या चार.
खऱ्याला दोन आणि याला चार!
बोट तिकडेच गेलं.

"ते नको, मावशी."
मोबाईल कव्हरच्या टपरीतली मुलगी,
स्क्रीनगार्डची झिल्ली दातात धरलेली.
"परवापासून दिसतंय. कंट्रोलरला विचारलं, आमचं नाही म्हणाला.
आत गेलं की जीमेलचा पासवर्ड मागतं, मग एटीएमचा नंबर.
फुकट वाटणाऱ्याला तुमचं एटीएम कशाला पाहिजे?"

जत्रेतल्या पाणपोईवर आई म्हणायची,
आधी रांजणाचं झाकण बघ,
मग वाढणारीचा हात,
तहान नंतर.
इथं ना रांजण, ना हात.
हवेला नुसतं नाव,
आणि नाव काय, कुणीही लावून घ्यावं.

दोन दांड्यांच्या दारात गेले.
मोबाईल नंबर विचारला, सहा आकडे आले.
ओटीपी देऊ नका, ही बँकेतली पाटी पाठ आहे मला.
थबकले.
"तो कुणाला फोनवर सांगायचा नाही. इथं तुमचा तुम्हीच टाकायचा."
टाकला.

नाव, आईचं नाव, जातीचा दाखला.
फोटो सत्त्याऐंशी टक्क्यांवर अडकला,
नंदुरबारची गाडी मागे आली, शिट्टी वाजली,
गाडी सुटली, फोटो तिथंच.
मी बाईच्या जातीचं सगळं शहाणपण लावून
फोन वर धरला, खाली धरला, पदरानं पुसला.
गेला एकदाचा.

मग फी. आठशे रुपये.
"पैसे यावरून नको," ती म्हणाली,
आणि यादीत नवीन ओळ उगवली:
मेहजबीन का फोन.
पासवर्ड तिनं स्वतः टाकला,
ओढणीची आडोशी करून, मला दिसू नये म्हणून.
मला वाईट वाटलं नाही.
माझ्याही मुठीत ते तिकीट होतं,
घामानं मऊ झालेलं.

काय देऊ म्हटलं तर म्हणाली, कव्हर घ्या एखादं.
निळं घेतलं. नीट बसत नाही.

निघताना स्टँडच्या नावावर बोट दाबून धरायला लावलं,
खाली आलं: विसरा.
"नाहीतर त्या नावानं कुणीही हाक मारली
की फोन आपला आपण पळत जातो."
आमच्यात रात्री दाराशी हाक आली
तर तिसरीशिवाय ओ देत नाहीत.
फोनला हे कुणी शिकवलं नसावं.
मी विसरा दाबलं.

रात्री लेकीनं बोरीखाली यादी उघडली.
एकच ओळ.
मेहजबीन का फोन. सेव्ह केलेलं. रेंजमध्ये नाही.
"हे कुणाचं? काढू?"

असू दे, म्हटलं,
आणि कव्हरचा सुटलेला कोपरा
अंगठ्यानं परत आत बसवला.